ग्लेनिसची उडी आणि डेलचा हात

डेलने ग्लेनिसला फसवलं. तिने हाडं झिजवून तयार केलेली उडी त्याने तिच्या हातून काढून घेतली आणि आपल्या लाडक्या शिष्येच्या नावावर करून दिली. हे मी त्याच दिवशी भर हॉलमध्ये ओरडून सांगितलं होतं, तेव्हा सिक्युरिटीवाल्याने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. आता आवाज तेवढा चढत नाही, म्हणून लिहितो आहे. पण आधी ग्लेनिस कोण ते सांगायला हवं. तुमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही, आणि जिम्नॅस्टिक्सच्या नियमांच्या पुस्तकात शोधलंत तर तिचं नाव सापडणार नाही. तीच तर माझी तक्रार आहे.

ऐंशीच्या दशकात टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला माझं चामड्याचं दुकान होतं. माझे वडील मिरजेला टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे. टांगे गेले, दुकान गेलं. माझ्या बायकोच्या, सुमनच्या भावाने, डॉक्टर वसंतरावांनी, आम्हाला स्पॉन्सर करून टेक्ससला आणलं. इथे येऊन बघतो तर घोडे हजर. मग खोगिरं, पट्टे, बूट, जे येईल ते शिवत दुकान उभं केलं. मी भाव सांगायचा, समोरच्याने पाडायचा, मग मी चिडायचं आणि मग सौदा व्हायचा, अशी पद्धत होती. चिडल्याशिवाय मला धंदा जमलाच नाही.

अशा दुकानात एका घामट दुपारी ग्लेनिस आली. उंची शाळकरी मुलीची आणि खांदे हमालाचे. तिने काउंटरवर चामड्याच्या दोन जुन्या पट्ट्या टाकल्या. जिम्नॅस्ट लोक दांडीवर झोके घेताना तळहाताला अशी पट्टी बांधतात. मनगटाला बक्कल, वर दोन बोटांना भोकं, आणि बोटांच्या खाली आडवी शिवलेली छोटी गोल काडी. ती काडी दांडीला आकड्यासारखी अडकते. तिला तशीच नवी जोडी हवी होती. मी भाव सांगितला आणि ती पाडते किती याची वाट बघत उभा राहिलो.

ती म्हणाली, "मग एकच दे. उजव्या हाताची. डावी चालेल अजून."

"एक विकत नाही मी. जोडीच घ्यावी लागेल."

"हात दोन आहेत म्हणून दोन्ही एकदम फाटत नाहीत, मेट."

असं म्हणून तिने दोन्ही तळवे काउंटरवर उताणे ठेवले. कातडी सोललेली, मधे लालभडक मांस, आणि कडेला खडूच्या पुडीचा पांढरा थर. मी कुणाशीही घासाघीस करू शकतो. पण जी घासाघीसच करत नाही, अर्धीच वस्तू मागते, तिच्याशी काय करणार? मी चिडलो आणि एक पट्टी शिवून दिली. आयुष्यात जोडीतला एक नग विकण्याची ती पहिली वेळ. पुढच्या महिन्यात ती डावीसाठी आली तेव्हा ती माझ्याकडे शिवून तयारच होती. हे मात्र मी तिला कळू दिलं नाही.

ग्लेनिस ऑस्ट्रेलियाची चॅम्पियन होती. क्वीन्सलँडच्या आतल्या भागातलं, मेंढ्यांच्या व्यापाराचं गाव. वडील मेंढ्यांची लोकर कातरायचे. गावाच्या कृषिप्रदर्शनाची पत्र्याची शेड वर्षातले बाकीचे दिवस रिकामी असायची, तिथे ती दांड्यांवर शिकली. शिकता शिकता देशात तिच्यापुढे कुणी उरलं नाही, आणि तिला पुढे नेईल असंही कुणी उरलं नाही. म्हणून ती ह्यूस्टनला आली, डेलकडे. माझ्या दुकानामागे तांदळाच्या जुन्या गोदामात डेलची जिम होती. सकाळी ती तिथे लहान पोरांना शिकवायची, त्या बदल्यात डेल तिला शिकवायचा, आणि त्याच्याच गराजवरच्या खोलीत ती राहायची. वय एकोणीस, म्हणजे त्या खेळात म्हातारी.

मला "मेट" म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडचं दोस्त, आणि सुमनलाही "मेट"च. सुमनला आधी ते आवडलं नाही. "अहो, मी काय हिच्या वर्गात होते का?" मग एकदा ग्लेनिसने आमच्याकडे पिठलं-भात खाल्ला, ताट धुऊन जागेवर ठेवलं, आणि सुमन मला म्हणाली, "पोरीला दर शनिवारी बोलवा." मला ती काका म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, पण मेटवर भागवलं.

दांडीवर जाण्यापूर्वी ती पट्टीचं टोक दातात धरून बक्कल आवळायची, मग त्याच दातांनी हसायची. पडायची तर धाडकन पडायची, उठायची आणि म्हणायची, "सोडायचं तर आपण सोडायचं." मी एकदा अर्थ विचारला. "हात सुटून पडलं की कुठे जाणार ते कळत नाही. आपण होऊन सोडला की कळतं. मग पडण्याचीसुद्धा भीती वाटत नाही." मी म्हटलं, धंद्यातही असंच आहे. ती म्हणाली, "तू कधी काही सोडलंयस का, मेट?"

तिची स्वतःची एक उडी होती. वरच्या दांडीवर जोराचा झोका घ्यायचा, दोन्ही हात सोडायचे, दांडीच्या वरून मागे जायचं, हवेत अंगाला पीळ द्यायचा आणि तीच दांडी पुन्हा पकडायची. जगात कुणी ती करत नव्हतं. पकडताना तिचा उजवा पंजा तिरका पडायचा, म्हणून तिच्या उजव्या पट्टीतली काडी मी तिरकी शिवून द्यायचो. अशी तिरकी काडी त्या एका उडीशिवाय कशाच्याही उपयोगाची नव्हती.

त्यांच्या खेळात एक नियम आहे. नवी उडी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जी पहिल्यांदा करून दाखवेल तिचं नाव त्या उडीला लागतं आणि नियमांच्या पुस्तकात छापलं जातं. ते नाव कायमचं राहतं. ग्लेनिसने मला हे दुकानात उभ्या उभ्या समजावलं होतं. "मी म्हातारी झाले, मेले, तरी कुठल्या तरी देशात कोच पोरींना ओरडून सांगेल, चल, आता ग्लेनिस कर. फक्त कुणाचा हात लागता कामा नये."

"म्हणजे?"

"कोच दांडीखाली उभा राहू शकतो. पडताना धरू शकतो. पण त्याचा हात लागला की ती उडी माझी नाही. केलीच नाही असं धरतात."

ह्यूस्टनमध्येच तशी स्पर्धा ठरली. ग्लेनिस ऑस्ट्रेलियाकडून उतरणार होती. तिच्या देशाकडे तिच्यासोबत कोच पाठवण्याची ऐपत नव्हती, म्हणून दांडीखाली डेलच उभा राहणार होता. डेलची अमेरिकन शिष्या टॅमी, सोळा वर्षांची, कमी बोलणारी, तीही उतरणार होती. डेल ग्लेनिसला म्हणाला, "या वेळी ती उडी नको. कच्ची आहे. पडलीस तर तुझ्या देशाच्या टीममधून जाशील. पुढच्या स्पर्धेत करू." ग्लेनिस 'बरं' म्हणाली.

त्याच आठवड्यात डेल माझ्या दुकानात आला. हा माणूस बक्कलच्या पिनेसाठीसुद्धा भाव करायचा. "पार्टनर, शेजारी आहोत आपण, काहीतरी कमी कर," हे त्याचं पालुपद. त्या दिवशी त्याने टॅमीच्या मापाच्या पट्ट्या मागितल्या आणि वर म्हणाला, "उजवीची काडी तिरकी शिव, ग्लेनिसच्या आहे तशी."

मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला.

"फाइन," तो म्हणाला आणि गेला.

मी शिलाईची आरी हातात धरून तसाच उभा राहिलो. घासाघीस करणारा माणूस न बोलता 'फाइन' म्हणतो तेव्हा तो समोरची वस्तू विकत घेत नसतो, दुसरंच काहीतरी उचलून नेत असतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, उभा जन्म काउंटरमागे काढून कळलेलं आहे.

शनिवारी ग्लेनिस जेवायला आली तेव्हा मी सगळं सांगितलं. ती हसली. "टॅमी माझी मेट आहे." मग घास तोंडापर्यंत नेऊन थांबली. "तिरकी काडी? नक्की?"

"मीच शिवली."

"मग त्याने मला..." तिने पाण्याचा ग्लास फिरवत ठेवला.

मी म्हटलं, "दांड्यांवर तुझी पाळी टॅमीच्या आधी आहे ना? करून टाक. त्याला विचारू नकोस, सांगू नकोस. सरळ करून टाक."

सुमन भडकली. "अहो, तुमचं काय जातंय? मान मोडली तर तिची मोडेल! त्या मेल्याशी तुमचं भांडण, त्यात पोरीला कशाला ढकलता?"

"भांडण माझं नाही, तिचं आहे."

"तिचं असेल तर तिला बोलू द्या की."

ग्लेनिसला मराठी येत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ती म्हणाली, "करीन. पण चोरून नाही. मी त्याच्या घरात राहते. सकाळी त्याला सांगीन आणि मग करीन."

मी टेबलावर हात आपटला. "सांगू नकोस! आपला भाव आधी सांगायचा नसतो."

"मी काही विकत नाहीये, मेट."

स्पर्धेच्या दिवशी सुमन, मी आणि वसंतराव वरच्या बाकांवर बसलो होतो. सुरू होण्यापूर्वी ग्लेनिस कठड्यापाशी आली, तोंडात पट्टीचं टोक. चेहरा उजळलेला. "सांगितलं त्याला. मुळीच रागावला नाही. म्हणाला, ठीक आहे, कर, मी खाली उभा राहतो. बघ, तू उगाच संशय घेत होतास." हे पुन्हा तसलंच 'फाइन' आहे असं मी सांगेपर्यंत ती धावत गेलीसुद्धा.

दांड्यांवर तिची पाळी आली. तिने हाताला खडू लावला, पंचांकडे बघून हात वर केला आणि उडी मारून दांडी पकडली. डेल खाली. तो बाकीच्या मुलींच्या वेळी उभा राहत होता त्यापेक्षा एक पाऊल पुढे होता. मी सुमनला म्हणालो, "हा इतका जवळ का?" ती म्हणाली, "गप्प बसा ना."

झोका, दुसरा झोका, पाय छताकडे, आणि तिने हात सोडले. हॉलमधला आवाज बंद झाला. दांडीच्या वर ती पूर्ण मोकळी, अंगाला पीळ, मग खाली येताना दोन्ही हात पुढे. दांडी वाजली. काडी अडकल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. पकडली होती! दोन्ही हातांनी पकडली होती, अंग पुढच्या झोक्यात शिरत होतं. आणि मग, मग डेलचा हात वर गेला आणि तिच्या कमरेला लागला. ढकललं नाही, धरलं नाही. लागला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, कोचने पोरीला वाचवलं.

वसंतराव म्हणाले, "दाजी, बरं झालं त्याने धरलं. नाहीतर मान गेली असती. मी डॉक्टर आहे, मला विचारा."

"दादा, तिने पकडली होती!" हे सुमन म्हणाली. मला गप्प बसवणारी सुमन. मी तोपर्यंत पायऱ्या उतरत होतो. "हात का लावला? ए डेल, हात का लावला?" मी मराठीत ओरडत होतो की इंग्रजीत, आठवत नाही. सिक्युरिटीवाल्याने धरलं तेव्हा डेलने वर बघितलं आणि माझ्याकडे ओळख नसल्यासारखा चेहरा केला. पंचांनी उडी धरली नाही, वर हात लागल्याचे गुणही कापले. मला दारातून बाहेर लोटत होते तेव्हा टॅमीची पाळी सुरू झाली होती. तिने तीच उडी केली. डेल या वेळी दोन पावलं मागे उभा होता आणि त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते.

टॅमीवर माझा राग नाही. ती सांगितलं तसं करणारी पोर होती. आज पुस्तकात त्या उडीला तिचं नाव आहे, आणि ते नाव ऐकून पुढे कितीतरी पोरी डेलच्या जिममध्ये आल्या.

पार्किंग लॉटमध्ये ग्लेनिस माझ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. रडत नव्हती. मी म्हटलं, "तक्रार कर. मी साक्ष देतो."

"काय सांगू? त्याचा हात लागला? ते सगळ्यांनी पाहिलं. तो का लागला ते फक्त त्याला माहीत आहे, मेट."

"मग त्याला विचार."

"विचारलं. म्हणाला, तू पडत होतीस." ती उजव्या पट्टीचं बक्कल सोडवू लागली. "मी पडत नव्हते. मला कळतं. मी आपण होऊन सोडलं होतं."

तिच्या देशाच्या टीममधून ती गेली. निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानात आली आणि उजव्या हाताची तिरकी काडीची पट्टी काउंटरवर ठेवली. "ही ठेव. माझ्या कामाची नाही आता. डावी नेते, ती चालेल अजून." मला काहीतरी बोलायचं होतं, पण मी फक्त चिडून गल्ला जोरात बंद केला. तिला त्याचा अर्थ कळला असावा. ती काउंटरवरून वाकली, माझ्या खांद्यावर थाप मारली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "येते, काका." सुमनने शिकवलं असणार.

ग्लेनिस आता तिच्या गावात, त्याच पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना शिकवते. फोनवर मी एकदा विचारलं, तू दांडीखाली उभी राहतेस का? म्हणाली, "राहते. पण आधी विचारते, धरू का? नको म्हणाली तर हात लावत नाही. तिची उडी आहे."

डेल अजून आहे. म्हातारा झाला, जिम मुलाकडे दिली, सत्कार घेत फिरतो. मी गेल्या वर्षी तिथे गेलो होतो. दारातून आत गेलं की समोरच्या भिंतीवर मोठा फोटो आहे. त्या दिवशीचाच. कुणा फोटोग्राफरने नेमका तो क्षण पकडला आहे: ग्लेनिसचं अंग हवेत, डेलचा हात तिच्या कमरेला. कोच पोरींची किती काळजी घेतो हे आईबापांना दाखवायला तो त्याने स्वतः लावला आहे. मी चष्मा पुसून जवळून पाहिलं. तिची दोन्ही हातांची बोटं दांडीवर गच्च वळलेली आहेत. उजवा पंजा तिरका, बरोबर मी शिवलेल्या काडीवर.

तेव्हा डेल, वसंतरावांना विचारू नकोस, पंचांकडे बोट दाखवू नकोस. तुझ्याच भिंतीवर तुझाच फोटो आहे. तिने दांडी पकडली होती. मग तुझा हात तिथे काय करत होता? जिवंत आहेस तोवर उत्तर दे. मला देऊ नकोस. क्वीन्सलँडला फोन लाव आणि तिला दे.