शाल माझ्याच हातून का

माईक हातात आला की सगळं बोलायचं, हे मी मंगल कार्यालयात शिरण्याआधीच ठरवलं होतं. पारनेरला आमदारांच्या कार्यालयातल्या पीएंचा निवृत्तीचा सत्कार होता आणि शाल घालायला मला बोलावलं होतं. मला! त्यांच्यामुळे माझी डाळिंबाची बाग गेली होती.

बाजारात पेट्या उचलता उचलता मी व्यापारी झालो, मग जमीन घेतली, बाग लावली. पहिल्या बोलीला मी आयुष्यात कधी मान डोलावलेली नाही. फळं धरलेली असताना एका उन्हाळ्यात आमच्या शिवारातली विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि बागेचं पाणी बंद पडलं. त्याच सुमारास पलीकडच्या वस्तीचीही जळाली. दुरुस्त होऊन आली एकच. मी पीएंच्या टेबलासमोर ठाण मांडलं. निवडणुकीत माझ्या गाड्या फिरल्या होत्या, याची आठवण दिली. पुढच्या वेळी बघून घेईन, असा दमही भरला. शेवटी, आधी थोडे दिवस आम्हाला द्या, मग वस्तीला न्या, इथपर्यंत खाली उतरलो.

"शेठ, वस्तीच्या प्यायच्या पान्याची मोटर हाय त्यावर. डीपी तिकडंच जानार," ते म्हणाले. वर मला चहा पाजला.

आमची डीपी आली तोवर उशीर झाला होता. सुकलेल्या झाडांना एकदम पाणी मिळालं आणि फळं तडकली.

तर सत्काराच्या दिवशी स्टेजच्या मागे पीएंना फेटा बांधणं चाललं होतं. मी तडक तिथं गेलो.

"माझं नाव कुणी सुचवलं?"

"मीच."

"चेष्टा करता माझी?"

"न्हाई शेठ. समोर बसलेत त्या सगळ्यांची काही ना काही कामं मी केलीत. ते शाल घालतीलच. तुमचं केलं न्हाई. तुमी घातली तर नोकरी नीट केली म्हनायची."

"आणि मी माईकवर सगळं सांगितलं तर?"

फेटा बांधणाऱ्याचे हात थांबले. पीएंच्या कपाळावर घाम होता.

"सांगा. पन खोटं सांगू नका."

माईक हातात आला आणि मी सांगितलं. डीपी, माझी विनवणी, तडकलेली फळं, सगळं. सूत्रसंचालक माईक घ्यायला पुढे आला, मी त्याचा हात झटकला. पहिल्या रांगेत पीएंच्या बायकोने पदर मुठीत आवळला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ शेठ, शाल घाला, न्हाईतर उतरा खाली!"

मी पीएंकडे वळलो. "आज तशीच एक डीपी आली, तर कुणाला द्याल?"

त्यांनी माझ्या हातातल्या शालीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"वस्तीला."

मी व्यापारी माणूस. समोरचा अजून खाली येणार की हाच त्याचा शेवटचा भाव, हे मला आवाजावरून कळतं. मी शाल उलगडली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या जरा उशिराच सुरू झाल्या. त्यांनी हात जोडले.

माझा राग काही उतरला नव्हता. पंगतीला मी मुद्दाम कोपऱ्यात बसलो, तर ते फेट्यासकट शेजारी येऊन बसले.

"शेठ, जेवनार ना?"

"जेवणार तर! बाग गेली, आता जेवणही सोडू का?" मी म्हणालो आणि वाढप्याला जिलेबी माझ्याकडे आधी आणायला सांगितली.