फ्यूजवर गुंडाळलेली चांदी

त्या सकाळी मुक्ताईच्या दर्शनाला निघालो तेव्हा मनात भक्ती फारशी नव्हतीच, जळफळाट होता. धाकट्या भावाने नवी कोरी मोटारसायकल घेतली होती आणि माझी मात्र तिसऱ्या हातची. ती कधीही बंद पडायची, फ्यूज उडायचा. बॅटरी बदलली, स्विच बदलला, यावलच्या दोन मिस्त्रींना दाखवली, पण दोष सापडेना. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नवस फेडायचा होता. तिचं दुखणं मी काढलं, दवाखान्यात मी झोपलो आणि निघताना ती सहज त्याच्या मागे जाऊन बसली. म्हणाली, "तुझी गाडी मधेच राहते रे." ते मला फार लागलं. खरं सांगतो, त्याची गाडी पंक्चर व्हावी असंही वाटून गेलं.

भुसावळच्या पुढे फ्यूज पुन्हा उडाला. ते दोघं पुढे निघून गेले होते. फोन करून थांबवायला मला कमीपणा वाटला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी जळलेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि गाडी हाणली. आता उडायला फ्यूजच उरला नव्हता. वरणगाव मागे टाकून एका वळणावर हँडल डावीकडे वळवलं आणि टाकीखालून धूर आला. उतरून मागे सरलो. टाकीचा पेट्रोलचा कॉक थोडा पाझरायचा, ते मला माहीत होतं.

रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये पन्नाशीची एक बाई पाण्याच्या मोटारीला तार भरत बसली होती. ती पक्कड घेऊन धावत आली, बाजूचं झाकण काढलं आणि बॅटरीची वायर ओढून तोडली. धूर थांबला. मग तिने हँडल सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं. हँडलच्या मानेपाशी एक वायर लोखंडाला घासून उघडी पडली होती. दोन मिस्त्रींना जे दिसलं नाही, ते तिला चार मिनिटांत दिसलं. तिने जळलेला तुकडा कापला, नवी वायर जरा सैल ठेवून जोडली, टेप गुंडाळली, बॅटरीची वायर परत लावली आणि नवा फ्यूज बसवला. जुन्या फ्यूजवरची माझी चांदी सोलून तळहातावर घेतली. बोलण्यावरून तिचं माहेर धुळ्याकडचं असावं.

"फ्यूज उडस तो वाचाडाकरता उडस, भाऊ," ती म्हणाली. "त्याले बांधी ठेवानं नई." मग विचारलं, "मागे कोणी बसेल व्हतं का?"

मी नाही म्हणालो आणि तिथेच मातीत बसलो. आई बसली असती. दुखऱ्या गुडघ्याने तिला पटकन उतरताही आलं नसतं.

मंदिरात पोहोचलो तेव्हा आई आणि भाऊ पायरीवर वाट बघत होते. मुक्ताईसमोर हात जोडले, पण मागायला काही सुचेना. सकाळपासून जे जे मनात आलं होतं ते सगळं तिला सांगितलं. ती बाई तिथे कशी, हे मी कोणाला विचारलं नाही, विचारणारही नाही. बाहेर आल्यावर भाऊ किल्ली पुढे करत म्हणाला, "दादा, आईला तू घेऊन चल, तुझी गाडी मी आणतो." तेवढ्यातही आत कुठेतरी टोचलंच. मत्सर असा एका दर्शनाने जात नाही. मी किल्ली त्याच्या हातात परत ठेवली, आईला धरून त्याच्या मागे बसवलं, तिचा पदर चाकात जाणार नाही असा खोचला आणि त्यांच्या मागोमाग सावकाश घरी आलो.