दीडशे ग्रॅम आणि आत्याबाई

महिन्यापूर्वी पाचोडहून दिरांचा फोन आला तेव्हा मी मॅटवर पोरींना पडायला शिकवत होते. ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात. "आई गेली," एवढंच ते बोलले. मी सराव थांबवला आणि तिथंच खाली बसले...

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझी सई सात महिन्यांची असताना राज्य संघाची निवड चाचणी आली. या वेळी हुकली तर माझा खेळ संपला, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरात कुणी धड हो म्हणेना. आत्याबाई मात्र पाचोडची शेती दिरांवर टाकून पडेगावला आमच्याकडं राहायला आल्या. "तू जा. लेकराचं मी बघते," म्हणाल्या, आणि खरंच तीन महिने बघितलं. घोडं अडलं ते वजनापाशी. मला बावन्न किलोच्या गटात उतरायचं होतं आणि अंगावर पाजणारी बाई उपाशी तरी किती राहणार? चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आळिवाची खीर पुढ्यात ठेवली, वर तुपाची धार. "पाजणाऱ्या बाईनं उपाशी निजू नाय." मीही शहाणी, वाटी चाटूनपुसून खाल्ली! सकाळी क्रीडा संकुलात काटा दीडशे ग्रॅम पुढं. पुन्हा वजन द्यायला वीस मिनिटं उरली होती. बाहेर व्हरांड्यात सईला घेऊन बसलेल्या आत्याबाईंवर मी चारचौघांत खेकसले, "तुमच्या खिरीनं घात केला माझा!"

सई भुकेनं रडायला लागली होती. तिला त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाज तिला. लेकराच्या वाट्याचं तू कशाला काट्यावर नेतीस?"

पदराचा आडोसा धरून त्या उभ्या राहिल्या आणि मी पाजलं. पोरगीही अशी प्यायली, जशी काही निवड तिचीच व्हायची होती. पुन्हा काट्यावर चढले. बरोबर बावन्न! त्या दिवशी माझी निवड झाली. पुढची पदकं, आजची ही प्रशिक्षकाची नोकरी, सगळं त्या व्हरांड्यातून आलं, हे मी कुणालाही सांगेन.

ते खेकसणं मात्र मी कधी मागं घेतलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. फक्त तेव्हापासून मला काहीही वाढायच्या आधी विचारायच्या, "वजन झालं का?" मी खेळणं सोडून वर्षं लोटली, तरी पुरणपोळी हातात धरून तेच. मला हसू यायचं आणि आत कुठंतरी लाजही वाटायची.

शेवटच्या भेटीत त्या पार वाळल्या होत्या. "मला बी उतरव की आता हलक्या गटात," म्हणून हसल्या. मी त्यांच्याच वाटीतून खीर भरवत होते. माफी अगदी ओठांवर आली... आणि मी नुसताच चमचा पुढं केला. याची खंत जाणार नाही.

आता सई खेळते. परवा तिच्या स्पर्धेला मी आत्याबाईंची ती खिरीची, त्यांचं नाव कोरलेली वाटी आणि डब्यातून खीर नेली होती. सकाळी ती धावत व्हरांड्यात आली आणि तिनं हात पुढं केला. मी वाटी मागं घेतली.

"वजन झालं का?"

सई माझ्याकडं बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "झालं."

तेव्हा कुठं मी वाढलं.