देवाच्या माशाला बाळी

पवना धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, खाचरं गेली, हे सगळे सांगतात. सावित्राबाईचा डोह गेला, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

बी. ए. होऊन मी बासष्ट साली मावळात ग्रामसेविका म्हणून लागले. राहायला लोणावळ्यात, काम पवनेच्या खोऱ्यात. कामशेतला उतरायचं, स्टेशनबाहेर चहा घ्यायचा आणि एस.टी. मिळाली तर एस.टी., नाहीतर चालायचं. ती वाट अजून पायांना आठवते. शेवटी करंजाची दाट सावली आणि तिच्याखाली काळंभोर, थंड पाणी. कुंडाई देवीचा डोह. पुढे इतकी वर्षं हिंडले, पण तशी गार दुपार पुन्हा मिळाली नाही.

त्या डोहाची मालकीण असल्यासारखी वागायची ती सावित्राबाई. ठाकरवाडीतली, चाळिशीची, आवाज खणखणीत, स्वभाव हेकट. पहिल्याच भेटीत माझ्या चपलांकडे बघून म्हणाली, "ह्या घालून तू गाव सुधारनार व्हय?" दर सोमवारी ती नाचणीच्या भाकरीचा चुरा पाण्यात टाकायची आणि हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे मासे वर यायचे. वाडीतले सगळे नदीतले मासे खायचे, तीही खायची. पण डोहातला मासा कुंडाईचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, विषय संपला.

हा नियम मुंबईच्या हौशी गळवाल्यांना कोण सांगणार? शनिवारी त्यांची जीप यायची. फिरकी लावलेल्या काठ्या, डोक्यावर टोप्या. मासा ओढायचा, तोलायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि बहुतेक वेळा फाटक्या तोंडानं परत सोडायचा. सावित्राबाईचा राग त्या सोडण्यावरच जास्त होता. "खायाचा न्हाई तर वडायचा कशाला?" असं ती मला विचारायची, जणू मीच ओढला होता.

आणि या साहेबांना डोह दाखवणारा, त्यांच्या काठ्या वाहणारा माणूस कोण, तर तिचाच नवरा सावळा. बिचारा शनिवारी जेवायला घरी यायचा नाही. येऊन ऐकून घेण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं.

कायद्यानंच बंदी आणायची, असं तिनं ठरवलं. मी अर्ज लिहिला आणि आम्ही दोघी वडगावला मामलेदारांकडे गेलो. माणूस सभ्य होता. एखाद्या पाण्यात मासेमारी बंद करायचा अधिकार सरकारला आहे म्हणाला, पण त्याला सबळ कारण लागतं. वाहत्या पाण्यातला मासा कुणाच्याच मालकीचा नसतो, जो धरील त्याचा.

सावित्राबाईनं विचारलं, "मग देवाला सोडलेल्या वळूला कोन का धरत न्हाई?"

"त्याच्या पुठ्ठ्यावर डाग असतो, बाई. कुणी सोडला ते कळतं."

तो सहज बोलून गेला. परतीच्या एस.टी.तून कामशेतला उतरल्या उतरल्या ती थेट सोनाराच्या दुकानात शिरली. माशाला बाळी घालायची! मी म्हणाले, हा वेडेपणा आहे. तिनं ऐकलं नाही. चांदीच्या तारेच्या दोन बाळ्या करून घेतल्या.

घालणार कोण? सावळाच. हातातून चुरा खायला मासे त्याच्याच जवळ यायचे. कुरकुरत, बायकोला शिव्या घालत तो उथळ पाण्यात बसला आणि दोन माशांच्या ओठाच्या कडेला बाळ्या अडकवल्या. त्यातला एक मासा दोनतीन दिवसांनी पोट वर करून तरंगला. सावित्राबाईनं तो उचलून करंजाखाली पुरला. त्या दिवशी सावळा टोमणा मारायला विसरला.

दुसरा मासा थंडीच्या अखेरीस एका साहेबांच्या गळाला लागला. साहेबांना बाळी बघून फार गंमत वाटली. त्यांनी ती काढून खिशात टाकली आणि मासा सोडून दिला. सावळ्यानं घरी येऊन सांगितलं. सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? पण सांगितलं. साहेब तिथंच झाडाखाली डबा खात बसले होते, तेवढ्यात आम्ही तिघं चौकीवर गेलो.

चांदीच्या बाळीची चोरी, अशी तक्रार. बाळी कुणाच्या अंगावर होती, असं जमादारानं विचारलं.

"माशाच्या," सावित्राबाई म्हणाली.

जमादाराला हसू आवरेना. साक्षीदार कोण, म्हणून त्यानं विचारलं आणि आम्ही दोघींनी मागं वळून पाहिलं. सावळा दारातच उभा होता. याच साहेबांनी त्याला लोणावळ्याच्या बंगल्यावर कायमची राखणदारी कबूल केली होती. पगार, खोली, सगळं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. सावित्राबाई एरवी त्याला बोलू द्यायची नाही, पण त्या दिवशी तिनं बाजूला सरून त्याला वाट दिली.

"बाळी मीच घातलती," तो म्हणाला. "सायबानं माज्या म्होरं काढली. खिशात हाय त्यांच्या."

जमादार आमच्याबरोबर डोहावर आला आणि बाळी साहेबांच्या खिशातच निघाली. वर्तमानपत्रात नाव यायला नको म्हणून साहेबांनी माफी लिहून दिली आणि ते पुन्हा आले नाहीत. तक्रारीची नक्कल आमच्या अर्जाला जोडली गेली. कागदोपत्री डोहातला मासा आता कुणाचा तरी होता. बऱ्याच खेट्यांनंतर हुकूम आला: कुंडाईच्या डोहात गळ आणि जाळं बंद. पाटी लागली. राखणदारी अर्थातच गेली. "सायबाचा चाकर व्हायचास, तो कुंडाईचा झालास," बायको त्याला म्हणायची, "पगार तेवढा बुडाला." हे म्हणताना ती त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायची, ते मी पाहिलंय.

मग धरण भरलं. डोह, करंज, पाटी, सगळं खाली गेलं. वाडी वर डोंगराकडे सरकली. आणि एके दिवशी सावित्राबाई लोणावळ्याला माझ्या दारात हजर. धरणाच्या काठावर काठ्या घेऊन माणसं बसायला लागली होती. तिला नवा अर्ज हवा होता, सबंध धरणासाठी. मी लिहिला. यथावकाश उत्तर आलं, की उल्लेख केलेला डोह आता अस्तित्वात नाही, सबब विचार करता येत नाही.

तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"डोह न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली. "मासा न्हाई, असं कुटं लिवलंय?"

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी कोरा कागद काढला.