वासाला नऊ

आळेफाट्यावर माझ्या एका मित्राचं गॅरेज आहे. बोलताना तो सरळ डोळ्यांत बघतो आणि नकार द्यायचा असला की आधी हसतो. दारू सोडल्यापासून त्याला फार वेळा हसावं लागतं.

गेल्या रविवारी दुपारी एका ट्रान्सपोर्टवाल्याने आम्हाला जेवायला बोलावलं. त्याच्या मुलाने अमेरिकेतून व्हिस्की आणली होती. लहानशा भट्टीतली, मोजक्याच बाटल्या निघणारी, आणि इतकी कडक की घोटाघोटाला घसा जळत होता. प्रत्येकाने चाखून दहापैकी मार्क द्यायचे होते. आम्ही सगळ्यांनी यजमानाच्या तोंडाकडे बघत दहा दिले.

मित्राची पाळी आली. त्याने ग्लास नाकाशी धरून डोळे मिटले. मला भीती वाटली, आता हा पितो की काय.

"वासाला नऊ," तो म्हणाला. "लई भारी हाये. चवीचं तुमी बघा."

यजमान चिडला. "एका घोटानं काय व्हतंय? माझा मान ठेव की!"

त्याचे सगळे ट्रक याच्याच गॅरेजात येतात. तरी हा हसला.

"मान ठेवतो ना राव. आन् गिलासबी ठेवतो."

त्याने भरलेला ग्लास खाली सतरंजीवर ठेवला. मला वाटलं, आता उठून जाईल. पण बाटली संपेपर्यंत तो त्या ग्लाससमोर मांडी घालून बसून राहिला.