फोन करू नका

मी वाशिमजवळच्या मालेगावातल्या एका खासगी संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात कार्यालयाचं काम बघते. रोज सकाळी केनवडहून एसटीनं निघते, एसटी चुकली तर काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घेते. एकोणीस वर्षं हेच चाललंय. कार्यालयात दोन टेबलं, एक संगणक, चार लोखंडी कपाटं. हेडक्लार्कची जागा कधीची रिकामी असल्यामुळे त्यांचंही काम माझ्याच टेबलावर. मदतीला एक शिपाई. वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मीही.

संस्थेचे अध्यक्ष वाशिमला राहतात. त्यांना सगळे साहेब म्हणतात. कॉलेजात ते वर्षातून चारपाचदा येत असतील. बाकीचा कारभार मेलवर. त्यांच्या मेलमध्ये नमस्कार नसतो, खाली नाव नसतं. ‘तातडीने पाठवा.’ ‘आज पाहिजे.’ बस.

जे घडलं त्याच्या साधारण वर्षभर आधी त्यांची अशीच एक मेल आली होती. मागच्या वर्षीची यादी उद्यापर्यंत पाठवा. कोणती यादी? विद्यार्थ्यांची, निकालाची, की शिष्यवृत्तीची? मी प्राचार्यांना विचारलं. त्यांनी आपल्या फोनवरून साहेबांना लावून दिला आणि फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. समोर चार प्राध्यापक बसलेले.

“बाई, वाचता येते ना तुमाले?” साहेब म्हणाले. “मंग फोन कायले करून राह्यल्या? मी काय रिकामा बसलो हाओ? पगार कायचा घेता तुमी?”

फोन बंद झाला. चौघांपैकी एकानंही मान वर केली नाही. कोणती यादी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिन्ही पाठवल्या. प्राचार्यांनी त्याच दिवशी बजावलं, “यापुढे साहेबांना फोन नाही. आलं की पाठवून द्यायचं.”

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण नंतर मला ज्यानं त्यानं एकच प्रश्न विचारला. एक फोन करून विचारलं का नाही?

अकरावीच्या प्रवेशांचे दिवस होते. खिडकीसमोर पालकांची रांग, कोणाचा दाखला राहिलेला, कोणाचा फोटो. सकाळी अकराच्या सुमारास मेल आली. नाव साहेबांचं. मजकूर असा: ‘अर्जंट. सर्व कर्मचाऱ्यांचे आधार, पॅन, पासबुकचे पहिले पान, फोटो व वारसाचा मोबाईल नंबर दोन वाजेपर्यंत पाठवा. मुंबईला बैठकीत आहे. फोन करू नका.’

आमच्याकडे शिक्षक-शिक्षकेतर मिळून एकतीस जण. मी खिडकी बंद केली. पालकांनी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या. भाऊंनी कपाटातून एकेक सेवापुस्तक काढून दिलं, मी स्कॅन करत गेले. डबा उघडायलाही वेळ झाला नाही. भाऊंचं स्वतःचं पुस्तक आलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, वारसाचा नंबर बदलून घ्या. मंडळी गेल्यावर पोरीचं नाव लावलं ना मी. तिचा नंबर घ्या.” मी जुना नंबर खोडून त्यांच्या मुलीचा लिहिला. तिचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते, कामरगावला दिली होती.

पावणेदोनला मी सगळं पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘मिळाले. धन्यवाद.’

एकोणीस वर्षांत साहेबांनी मला धन्यवाद म्हटलेलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी तो शब्द भाऊंना वाचून दाखवला. आजही हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तिथंच ओळखायला हवं होतं की हा माणूस आमचा साहेब नाही.

तीनेक आठवडे गेले. एका सकाळी भाऊ आले ते थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातातला फोन माझ्यापुढे धरला.

“मॅडम, हे पाहा. माह्या पोरीच्या फोनवर कोणं हे धाडलं?”

भाऊंचा फोटो होता. त्यावर लाल अक्षरांत ‘चोर’ लिहिलेलं. खाली, याने कर्ज घेऊन बुडवले, याच्या मुलीला विचारा, आणि पुढे तिच्याबद्दल असं काही, जे मी इथं लिहिणार नाही. दोन दिवसांपासून मुलीच्या फोनवर अनोळखी माणसांचे फोन येत होते. तिनं उचलला तरी शिव्या, सासूनं उचलला तरी शिव्या. भाऊंनी आयुष्यात फोनवरच्या कोणत्या ॲपमधून कर्ज घेतलं नव्हतं. त्यांना साधा फोटो पुढे पाठवता येत नव्हता; हा फोटोही जावयानं पाठवला होता.

मी फोटोकडे बघत राहिले. वरच्या डाव्या कोपऱ्यात आमच्या कॉलेजच्या गोल शिक्क्याचा तुकडा होता. तसा फोटो जगात एकाच ठिकाणी चिकटवलेला आहे, आमच्या कपाटातल्या सेवापुस्तकात. आणि तो तिथून एकदाच बाहेर गेला होता. माझ्या हातानं.

मी ती मेल उघडली. माऊस साहेबांच्या नावावर नेला तेव्हा त्यामागचा पत्ता दिसला. आडनावात एक अक्षर जास्त होतं. एक अक्षर! भाऊ विचारत होते, “काय झालं मॅडम? काहून बोलत नाई?” शेवटी सांगितलं, की साहेबांच्या नावानं आलेल्या खोट्या मेलला मी सगळे कागद पाठवले आणि त्यांवरच कोणीतरी तुमच्या नावानं कर्ज उचललंय. त्यांना नीट समजलं की नाही, कोण जाणे. ते इतकंच म्हणाले, “म्हंजे मीच माह्यं पुस्तक काढून देल्लं.” आणि बाहेर निघून गेले.

त्याच दुपारी मी त्यांना घेऊन वाशिमला पोलिसांकडे गेले. सायबरचं काम बघणारी बाई माझ्यापेक्षा लहान होती. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, कागद बघितले आणि म्हणाली, “ताई, एक फोन करून विचारलं असतं तर?”

मी तिच्यावर ओरडले. पोलिसांवर कोणी ओरडतं का? पण मी ओरडले. स्पीकरवरचा तो फोन, ते चौघं, प्राचार्यांची ताकीद, सगळं सांगितलं. तिनं मला थांबवलं नाही. पाणी दिलं आणि मी जे बोलले ते जबाबात जसंच्या तसं लिहिलं. मग म्हणाली, “ही मेल लिहिणाऱ्यानं तुमच्या साहेबांच्या जुन्या मेल वाचल्या असतील असं मला वाटतं. इतकी भाषा जुळत नाही उगीच. त्यांना पासवर्ड बदलायला सांगा.”

मी तो निरोप प्राचार्यांमार्फत कळवला. साहेबांना म्हणे त्याचाच जास्त राग आला. त्यांचा पासवर्ड त्यांच्या स्वीय सहायकाला माहीत, ड्रायव्हरला माहीत. पण दोष त्यांच्याकडे येतो म्हणजे काय!

चार दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. निष्काळजीपणा, गोपनीय माहिती उघड करणे, संस्थेची बदनामी. सोबत प्राचार्यांचा तोंडी निरोप: शनिवारी साहेब येत आहेत, सर्वांसमोर माफीपत्र वाचायचं आहे, मजकूर तयार आहे, तेवढा टाइप करून घ्या. माझं माफीपत्र मीच टाइप करायचं होतं.

मी टाइप केलं नाही. त्या रात्री घरी नवरा म्हणाला, “वाचून टाक ना. दोन मिनिटाचं काम हाय. नोकरी पाह्य.”

शनिवारी ग्रंथालयात सगळे जमले. साहेब मधल्या खुर्चीवर. प्राचार्य म्हणाले, “हं, मॅडम.”

मी उभी राहिले. हातात दोन कागद होते. म्हणाले, “माफीपत्राच्या आधी मला दोन मेल वाचायच्या आहेत. एक साहेबांची आहे, एक चोराची. कोणती कोणाची, ते तुमी सांगा.”

पहिली वाचली. ‘सर्वांचे नॉमिनेशन फॉर्म आजच पाहिजेत. सबबी नकोत. प्रवासात आहे, फोन करू नये.’ दुसरी वाचली, ती तुम्हाला माहीत आहे. मी उपप्राचार्यांकडे बघितलं. स्पीकरवरच्या त्या फोनच्या वेळी समोर बसलेल्या चौघांपैकी ते एक. ते चाचरत म्हणाले, “पहिली... पहिली चोराची असावी. सबबी नकोत वगैरे आहे त्यात.”

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि लगेच खोकल्यात बदललं.

साहेब उठले. “हा काय तमाशा लावला तुमी? तुमच्या भोळेपणानं एवढं झालं, अन् वरून...”

“भोळेपणा नोता साहेब,” मी म्हणाले. “मी तुमाले भ्याली होती. म्हनून विचारलं नाई. त्या चोराले हे माहीत होतं. तुमाले नोतं माहीत?”

साहेब निघून गेले. माफीपत्र कोणी वाचलं नाही. बाहेर पडताना दोघातिघांनी हळूच माझा हात दाबला. मला त्यांचीही चीड आली. आत असताना तोंड का नाही उघडलं? मी जबाब द्यायला गेले तेव्हा सोबत का नाही आले? एकतीस जणांपैकी आणखी चौघांच्या नावानंही कर्ज उचललेलं निघालं होतं, तरी तक्रार द्यायला ते कुरकुरत होते. साहेबांना काय वाटेल म्हणून.

भाऊ मात्र माझ्याशी बोलत नव्हते. चहा आणून टेबलावर ठेवायचे आणि निघून जायचे. आठवडाभरानं मीच त्यांना गाठलं आणि म्हटलं, “भाऊ, कामरगावले मी येते तुमच्या संगं. तिथं मले सांगू द्या.”

“तुमी येऊन काय होते?” ते म्हणाले. मग रिकामा कप उचलत, “रविवारी चला.”

कारंजाला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. मुलीचं सासर रस्त्यालगत, पुढे छोटंसं किराणा दुकान, मागे घर. सासऱ्यांनी भाऊंना खुर्ची दिली, पण व्याही आल्यावर होते तशी लगबग काही नव्हती. मुलगी आतल्या दारात उभी होती. पुढे आली नाही.

मी पोलिसांच्या तक्रारीची प्रत सासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, “यायनं कर्ज घेतलं नाई. यायचे कागद माह्या हातून चोराले गेले. चूक माही हाय, यायची नाई.”

सासऱ्यांनी चष्मा लावून सगळा कागद मोठ्यानं वाचला, अगदी शिक्क्यापर्यंत. सासू मला आपादमस्तक न्याहाळत होती. म्हणाली, “एवढी शिकेल बाई, अन् तुमाले समजलं नाई? आमच्या सुनेनं आठ दिवस काय काय आयकलं, माहीत हाय तुमाले?”

“नाई माहीत,” मी म्हणाले. तिचा राग मला पटला. त्या सगळ्या काळात खरा राग फक्त तिनंच माझ्या तोंडावर काढला, आणि तो मी खाली मान घालून घेतला.

मग ती उठली, देवाच्या फळीवरून एक फोन काढला आणि सुनेच्या हातात दिला. म्हणजे त्या पोरीचा फोन काढून घेतला होता. शिव्या ऐकाव्या लागू नयेत म्हणून, असं सासू म्हणाली. तसंही असेल. पण तेव्हापासून तिला बापाशी बोलता आलं नव्हतं, आणि बापाला वाटत होतं की पोरगी आपल्यावर रुसली आहे. मुलीनं फोन घेतला आणि रडायला लागली. भाऊ खुर्चीतून उठले, पण व्याह्यांसमोर पुढे जायला धजले नाहीत. तसेच उभे राहिले. बापलेकींमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि ते अंतर ज्यानं पाडलं, तो कुठल्या तरी खोलीत दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजला मेल लिहीत बसला असेल. त्या क्षणी तो माझ्यासमोर असता, तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत भाऊंनी माझंही तिकीट काढलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, “राहू द्या.”

पुढं बऱ्याच खेपा घातल्यावर कर्जाच्या कंपनीचं पत्र आलं, की हे कर्ज भाऊंचं नव्हे. फोन त्याआधीच थांबले होते. मुलगी दिवाळीला माहेरी आली, दोन दिवस राहिली. चोर सापडलेला नाही. कॉलेजच्या फलकावर साहेबांच्या सहीचा एक कागद लागला: कोणतीही माहिती फोनवर खात्री केल्याशिवाय बाहेर पाठवू नये, अन्यथा कारवाई. जणू हे शहाणपण त्यांनाच सुचलं. प्राचार्य मला तो कागद दाखवून म्हणाले, “बघा, झालं ना तुमच्या मनासारखं?”

माझी वेतनवाढ मात्र एक वर्ष रोखली आहे. कारण: वरिष्ठांशी उद्धट वर्तन. निष्काळजीपणा हा शब्द त्यांनी गुपचूप काढून टाकला. वाढ रोखल्याविरुद्ध मी वाशिमच्या शिक्षण कार्यालयात अर्ज केला आहे. नवरा म्हणतो, एका वाढीसाठी कायले एवढी दगदग? वाढीसाठी नाहीच. ‘उद्धट वर्तन’ असं जे त्या कागदावर लिहिलं आहे ते मला कोणाच्या तरी समोर खोडून हवं आहे. दोनदा सुनावणी पुढे गेली. तिसऱ्यांदा गेली तरी मी वाशिमची गाडी पकडणार आहे.