गाडी लागली

आमच्या इमारतीत माझ्या सासऱ्यांना ठोककाका म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण लिफ्टमध्ये पाठीमागे बोललेलं तोंडावर ऐकू येतंच, त्यामुळे त्यांना ते चांगलं ठाऊक आहे. फाटक, तळघरातला खांब, फाटकाजवळच्या कुंड्या (त्या तर दोनदा!), त्यांच्या गाडीने कशाला म्हणून सोडलं नाही.

बाकी माणूस इतका नेटका की काय सांगू! आयुष्यभर दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. जरा कुठे धार राहिली की हिरड्या सोलतात, म्हणून प्रत्येक कवळी स्वतःच्या अंगठ्यावरून फिरवून बघायचे. अजूनही कप बशीच्या बरोब्बर मधोमध ठेवतात. आणि अशा माणसाला एवढा मोठा खांब दिसू नये? विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं. "गाडी खांबाला लागली." कशी लागली, काय झालं, काही नाही. लागली!

"अहो बाबा, गाडी आपली आपण लागत नाही, कुणीतरी ठोकावी लागते," मी म्हणायची. ते नुसते हसायचे आणि गाडी डेंटिंगवाल्याकडे न्यायचे. खर्च स्वतःच्या खिशातून.

मला याचाच राग यायचा. विमा काय शोभेला काढलाय? पण नाही. एकदाही क्लेम केला नाही. त्यामुळे दर वर्षी विमावाल्या बाई यायच्या आणि त्यांचं कौतुक करून जायच्या. क्लेम न करता वर्ष गेलं की पुढच्या हप्त्यात सूट, आणखी एक वर्ष गेलं की आणखी सूट. एक क्लेम केला की ती सूट गेली, वर हप्ताही वाढायचा. ज्याने एकदा मागितलं तो पुन्हा मागणार, असं कंपनी धरून चालते. "काका, तुमच्याइतका जपून चालवणारा माझ्याकडे दुसरा नाही," बाई म्हणायच्या. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसायची. माझा नवरा म्हणायचा, "सूट वाचवायला बाबा डेंटिंगवाल्याचं घर भरतात." आम्ही सगळेच त्यांना चिक्कू समजत होतो.

कुंड्या दुसऱ्यांदा फुटल्या तेव्हा मात्र नवऱ्याने बजावलं, "आता एकदा जरी लागली ना बाबा, गाडी विकून टाकणार. उद्या कुणाच्या अंगावर गेली म्हणजे?" बाबांचा चेहरा पार उतरला. मला कळेना, एवढा जीव का त्या डबड्यात? रोज पहाटे आम्ही अंथरुणात असताना ते आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडी काढून तलावापर्यंत जाऊन यायचे. तेवढंच काय ते दोघांचं सुख. ते सुख जाणार म्हणून मलाही वाईट वाटलं, पण नवऱ्याचं तरी काय चुकलं होतं?

आणि मग लागलीच. त्या दिवशी सकाळी शेजारचे इंजिनीअर बाबांना सोबत घेऊन दाराची घंटा बडवत आले. तळघरात त्यांच्या कोऱ्या गाडीचं दार पार आत गेलं होतं आणि शेजारी बाबाच उभे सापडले होते. "काका, या वेळी खिशातून देतो वगैरे चालणार नाही. कंपनीला कळवा. माझी विम्याची माणसं तुमच्या विम्याची वाट बघतायत." त्यांचंही बरोबर होतं. दाराची किंमत ऐकून आमचेच डोळे पांढरे झाले.

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. बास. वाद नाही, काही नाही. मला वाटलं होतं मुलाला दोन शब्द सुनावतील.

नवऱ्याने विमावाल्या बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. बाईंनी तारीख विचारली, जागा विचारली, कुणाला लागलं नाही ना विचारलं. मग म्हणाल्या, "गाडी कोण चालवत होतं?"

"बाबाच. दुसरं कोण?" नवरा म्हणाला.

"तसं नाही, काकांनी सांगायला हवं. खोटं लिहून चालत नाही."

बाबा खाली बघत म्हणाले, "बाई, ते सोडून काहीही विचारा."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई हात पुसत आल्या. "मी चालवत होते," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने वळून विचारलं, "आणि तो खांब?"

"मीच."

"फाटक?"

"मीच रे. कुंड्याही मीच, दोन्ही वेळा. लायसन्स आहे माझ्याकडे, उगाच डोळे वटारू नकोस. शिकायचं म्हटलं तेव्हा तूच हसला होतास."

लागली, लागली म्हणायचे ते यासाठी! मी ठोकली, असं हा माणूस इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. क्लेम केला असता तर कंपनीने नाव विचारलं असतं, आणि खोटं त्यांच्या तोंडून निघालं नसतं. इमारतभर हसं झालं, घरात आम्ही चिक्कू म्हटलं, आज किल्लीसुद्धा देऊन टाकली, पण नाव नाही सांगितलं. मला रडूच आलं, काय लपवायचं?

फोनवर बाई खाकरल्या. "काका, मग आता स्पष्टच सांगते. क्लेम झाला की सूट जाणार. पुढच्या वर्षी काकूंचं नाव चालक म्हणून घातलं तर हप्ता आणखी चढेल, कारण हा अपघात त्यांच्या नावावर लागणार. नाव वगळलंत, तर बराच कमी बसेल. पण मग त्यांना गाडी चालवता येणार नाही."

"वगळा हो," आई घाईघाईने म्हणाल्या. मग बाबांकडे वळून चिडल्याच. "एवढी बोलणी खाल्लीत लोकांची! कशासाठी? मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मला नाही जमणार, सोडून देते."

"गाडी चालवून आलीस ना," बाबा म्हणाले, "की दिवसभर गुणगुणत असतेस. मला ते ऐकायचं असतं."

आई खुर्चीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"काका, ऐकताय ना?" बाई म्हणाल्या. "मग नाव घालू की नको?"

"घाला," बाबा म्हणाले. "माझ्या आधी घाला."